हातावरचं मीठ

शेजारणीच्या खिडकीत काचेची एक बरणी होती आणि त्या बरणीत गुलाबी मिठाचे खडे होते. नुसते घरात कुठं ठेवले असते तर माझं काय जात होतं? पण बरणी बरोबर अशा जागी ठेवलेली की सकाळचं ऊन तिच्यावर पडायचं, आणि नळावर जाणाऱ्या प्रत्येक बाईले ते खडे पाहावेच लागायचे. मी दिवसातून आठ वेळा नळावर जात होती. आठही वेळा पाहिलं आणि आठही वेळा माझ्या पोटात दुखलं. आता या वयात खोटं कशाले बोलू?

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होऊन राहिला होता. अर्धा चालू, अर्धा बांधायचा. सेक्टरमधले क्वार्टर नवेकोरे, भिंतींचा चुना अजून हाताले लागायचा, बाहेर लाल मुरूम आणि झाड म्हणाल तर औषधाले नाही. आम्ही भंडाऱ्याकडचे. भावाभावांत वाटून शेती उरली नाही, म्हणून हे इथं भरती झाले आणि लग्न झाल्यावर मले घेऊन आले. ह्यांची ड्युटी कोक ओव्हनवर. कोळसा भाजून कोक काढतात ती जागा. भट्टीचं दार उघडलं का समोरच्या माणसाच्या भुवया करपतात म्हणे. हे घरी यायचे तेव्हा शर्टाच्या पाठीवर घाम वाळून पांढरे पट्टे पडलेले असायचे. शर्ट धुताना पाणी खारट व्हायचं, एवढं मीठ त्यात.

शेजारीण दुर्गची. तीही आपलीच, मराठी, बाप रेल्वेत गार्ड, मूळ नागपूरकडचे. नवरा टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी लिहिणारा. दिवसभर पंख्याखाली. त्याच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळीही मोडलेली नसायची. आमच्या दोघींच्या क्वार्टरची मधली भिंत एकच, इकडं मी भाजीले फोडणी दिली की तिकडं तिले ठसका लागायचा. आणि तिनं खलबत्त्यात मीठ कुटलं की माझ्या डोक्यात ठोके पडायचे. कारण ती मीठ रोज कुटायची. ताजं. जेवणाआधी. बारीक कुटलेलं शिळं मीठ खाल्लं तर तिच्या नवऱ्याले अपचन होत असन, नाजूकच होता तो.

पहिल्यांदा मी तिच्या दारात गेली ती मीठच मागाले. आमचं सरलं होतं आणि डाळ चुलीवर होती. तिनं वाटीत चार चिमटी गुलाबी मीठ काढलं, आणि मी हात पुढं केला तर ती मागं सरकली.

"अवं बाई, हातावर नको. भांडण होते."

ते मलेही माहीत होतं. आमच्याकडंही मीठ कोणाच्या हातावर देत नाहीत. खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलून घ्यायचं. मी घाईत विसरली एवढंच. पण तिनं असं सांगितलं जसं मी रानातून आली. वाटी ओट्यावर ठेवली आणि लागली शिकवाले.

"हे शेंदेलोण आहे. डोंगरातलं. माझे बाबा लाइनवरून आणतात. तुमी ते समुद्राचं खडे मीठ खाता न, ते गरम असते. रगत जाळते. केस पिकवते. हाडाचा भुगा करते आतून."

"आमचा आजा नव्वद वर्षाचा होऊन गेला खडे मीठ खाऊन," मी म्हटलं.

"त्यांचं शरीर शेतातलं. इथली हवा वेगळी. आन मले सांग, उपासाले मीठ चालते का? नाही. शेंदेलोण चालते का? चालते. मंग? म्हणजे ते मीठच नव्हे."

एकादशीले आम्हीही शेंदेलोणच टाकत होतो साबुदाण्यात, तेवढ्यापुरता एक खडा कुठं तरी कागदात बांधलेला असायचाच. उपासाले चालते ते मीठ नव्हे, हे मले तेव्हा अगदी खरं वाटलं. मी वाटी घेऊन आली, डाळीत टाकलं, आणि ह्यांनी डाळ खाऊन म्हटलं, "आज चव वेगळी आहे. चांगली लागून राहिली." संपलं! त्या दिवसापासून मले माझ्या स्वयंपाकघरातली खडे मिठाची बरणी पाहावेना. भुरी, ओलसर, तळाशी पाणी सुटलेली. खड्यात कधी काडी, कधी रेती. तिचं मीठ गुलाबी, माझं मीठ मळकं. तिचा नवरा पंख्याखाली, माझा भट्टीपुढं. आणि हे कमी होतं म्हणून का काय, तिचं लग्न माझ्या लग्नानंतर दीड वर्षानं झालेलं आणि तिले दिवस गेले.

माझ्या लग्नाले तीन वर्षं झाली होती. काहीच नव्हतं. गावाहून सासूचं पत्र यायचं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. पिकाचं, बैलाचं, पावसाचं सगळं झालं का शेवटी एक ओळ असायची: काही बातमी आहे का. हे पत्र मोठ्यानं वाचायचे आणि त्या ओळीपाशी आले की घसा खाकरून पत्राची घडी करायचे. मले वाचता येत होतं, हे त्यांले माहीत होतं. तरी दर वेळी आम्ही दोघंही असे वागत होतो जसं पत्र तिथंच संपलं. कधी त्यावर बोलणं नाही, कधी वाद नाही. आसपासच्या बाया म्हणायच्या, तुमच्याकडून कधी आवाज येत नाही बाई, किती गुणाचं जोडपं! गुणाचं कसलं. दोघंही तोंडं शिवून बसलो होतो.

तिच्या सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. दुर्गहून तिची आई आली, दोन मावश्या आल्या. झोपाळा टांगायचा होता, तर तिच्या नवऱ्याले छताले कडी ठोकता येईना. लिहिण्याचे हात ते! मग ह्यांलेच बोलावलं. हे सेकंड शिफ्टले जायच्या आधी तासभर स्टुलावर चढून कड्या ठोकून, साखळ्या लावून, स्वतः बसून झोका घेऊन पाहून आले. घरी येऊन हात धुतले आणि काही न बोलता डबा घेऊन निघून गेले. मले तेव्हा वाटलं, ह्यांले काय, पुरुष माणूस, ह्यांच्या मनात काय येणार.

मी नवी साडी नेसून गेली. मनात म्हटलं, जळायचं ते जळू, पण चारचौघांत हसून राहू. बाया ओटी भराले रांगेनं उभ्या राहिल्या, मीही नारळ घेऊन उभी राहिली. तर तिची आई माझ्यापाशी आली, माझ्या हातातला नारळ अलगद काढून घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "तू पंगतीचं पाहतेस का बाई? तू मीठ वाढ."

मीठ वाढ! पंगतीले पानात पहिलं मीठ पडते, तेवढ्यापुरतं वाकायचं, चिमूट ठेवायची आणि पुढं सरकायचं. ज्या बाईले मूल नाही तिनं ओटी भरू नये, हे तिले सरळ म्हणता आलं नाही, म्हणून हा मान. मी वाढलं. बावीस पानांवर वाढलं. गुलाबी मीठ होतं, बारीक कुटलेलं. मी एकेका पानावर चिमूट ठेवत पुढं सरकत होती, आणि झोपाळ्यावर हिरव्या साडीत ती बसली होती, फुलांच्या वाड्या घालून, पाय हलवत. ज्या कड्यांवर झुलत होती त्या माझ्या नवऱ्यानं ठोकलेल्या. मले वाटलं, तुटावी एक. अशी मी. देवा, मले माफ कर, पण वाटलं खरं.

आणि पुढचं ऐका. मी घरी येऊन साडी सोडते न सोडते तोच तिची मावशी दारात. "मूठभर खडे मीठ असन का? आमच्याकडं सगळं शेंदेलोणच आहे. दृष्ट काढायची आहे पोरीची. दृष्टीले साधंच मीठ लागते." मी बरणी उघडून परातीत मूठभर मीठ काढून दिलं. दहा मिनिटांनी भिंतीपलीकडून मिरच्या-मीठ जळाल्याचा तडतड आवाज आला. कोणाची दृष्ट काढून राहिल्या होत्या? माझीच की! माझी दृष्ट, माझ्याच मिठानं! मी भिंतीले पाठ लावून बसली आणि रडली, आणि रडता रडता मले रागही येत होता की हिच्या पोटातल्या पोराले बाधू नये म्हणून माझं मळकं मीठ बरोबर कामाले आलं.

चार दिवसांनी शेजारीणच आली. एकटी. मी गहू निवडत होती, ती खाली टेकली पोट सावरत. खरं सांगते, ती वाईट नव्हती. तेच तर मले सहन होत नव्हतं. वाईट असती तर मनसोक्त शिव्या दिल्या असत्या.

"आईनं असं कराले नको होतं," ती म्हणाली. मी गहू निवडतच राहिली. मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "एक सांगू? राग मानू नको. तुझ्या ह्यांले त्या मिठाच्या गोळ्या भेटतात न?"

भेटत होत्या. भट्टीवरच्या सगळ्या माणसांले डिस्पेन्सरीतून मिठाच्या गोळ्या मिळायच्या. पांढऱ्या, चपट्या, आठवड्याची पुडी. घाम जातो त्याबरोबर मीठ जाते, म्हणून पाण्यासोबत गिळायच्या. हे पुडी शर्टाच्या खिशात ठेवायचे.

"त्या कावून देतात, माहीत आहे? शरीरातलं पाणी अडवाले. माणूस लघवीले उठू नये, काम थांबू नये म्हणून. आन त्यानं पुरुषाचं सगळं आतल्या आत आटते. सगळे म्हणतात. भट्टीवाल्यायच्या घरी पाळणा उशिरा हलते, पाह्य तू. आमच्या ह्यांले गोळ्या नाहीत, वरून घरात शेंदेलोण." आणि तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला. पुरावा समोरच होता, सात महिन्यांचा.

मी आमची क्वार्टरांची ओळ डोळ्यांसमोर आणली. कोपऱ्यावरचा फर्नेसवाला, लग्नाले दोन वर्षं, मूल नाही. मागच्या ओळीतला एक, त्याले नाही. त्याच ओळीत एका भट्टीवाल्याले चार पोरं होती, धिंगाणा घालायची दिवसभर, पण तो मले त्या वेळी आठवला नाही. जळणाऱ्या बाईले जे पाहिजे तेच आठवते.

दुसऱ्या दिवशी मी पावर हाउस म्हणतात त्या वस्तीतल्या बाजारात गेली. तिच्याकडं शेंदेलोण मागाले मी मेली असती तरी गेली नसती. दुकानदार हिंदीत म्हणाला, "व्रत है क्या बाई? कितना दूँ, एक डली?" मी म्हटलं, रोजच्याले पाहिजे. त्यानं माझ्याकडं, माझ्या साडीकडं पाहिलं आणि भाव सांगितला. खडे मिठाच्या कितीतरी पट. मी मुठीएवढा तुकडा घेतला. मग तिथंच पोरांच्या खाऊच्या बरण्या मांडलेल्या दिसल्या, त्यात साखरेच्या पांढऱ्या चपट्या गोळ्या होत्या. हुबेहूब! माझं डोकं तिथंच चाललं. चाललं म्हणजे काय, बंद पडलं, पण मले वाटलं चाललं.

त्या दिवसापासून नवी पुडी आली आणि हे आंघोळीले गेले की मी ती खिशातून काढायची, मिठाच्या गोळ्या काढून साखरेच्या भरायची आणि घडी होती तशी घालायची. कळन का, ही भीती होती, पण मी मनाशी म्हटलं, पाण्यासोबत गिळतात, चव कोण घेते! मिठाच्या गोळ्या मागच्या अंगणात पेरूच्या रोपापाशी पुरायची. खडे मिठाची बरणी पलंगाखाली ढकलली. आणि स्वयंपाकात शेंदेलोण, तेही जपून, नखाएवढं, कारण तुकडा केवढासा. माझा विचार असा: हे मीठ नव्हेच, तर कमी पडलं काय आणि जास्त पडलं काय. थंड आहे, तेवढंच पुरे.

उन्हाळा होता. भिलाईचा उन्हाळा, त्यात ती भट्टी. पहिला आठवडा गेला. हे जेवताना एक शब्द बोलत नव्हते. डाळ पाण्यासारखी लागत असन, भाजी गवतासारखी, मलेच गिळवत नव्हती. पण हे मान खाली घालून जेवायचे, आणि मी मनात म्हणायची, पाह्य, थंडावा येऊन राहिला, चिडचिड कशी कमी झाली. दुसऱ्या आठवड्यात माझं पेरूचं रोप पानांच्या कडेकडेनं जळाले लागलं. मी शेजारणीच्या अंगणात पाहिलं, तर तिचं रोप हिरवंगार. झालं, त्याचाही राग तिच्यावर! रोपापाशी मीच मीठ पुरून राहिली, हे मले सुचलं नाही. मले वाटलं, हिच्या अंगणातली मातीसुद्धा हिच्या बाजूनं आहे.

तिसऱ्या आठवड्यात हे फर्स्ट शिफ्ट करून आले. दुपारचे तीन वाजले असतील, बाहेर रस्त्यावर कुत्रं नव्हतं. सायकलची घंटी वाजली नाही, सायकल पडल्याचा आवाज आला. मी दार उघडलं तर हे पायरीवर आडवे, दोन्ही हातांनी पोटरी धरलेली, दात दातांवर. पोटरीचा गोळा दगडासारखा वर आला होता, दिसत होता डोळ्यांनी. मग दुसऱ्या पायात. मग पोटात. एवढा कणखर माणूस, पोत्यासारखा आत ओढून आणला मी, आणि तो माणूस लहान पोरासारखा ओरडला. मी तो आवाज तीन वर्षांत ऐकला नव्हता.

शेजारणीनं भिंतीपलीकडून ऐकलं. पोट सांभाळत धावत आली, पाहिलं, आणि तशीच उन्हात पळत मागच्या ओळीतल्या कंपाउंडरले बोलवाले गेली. आठव्या महिन्यात लागलेली बाई, अनवाणी. हेही मले सांगितलंच पाहिजे.

कंपाउंडर मद्रासकडचा, हिंदी तोडकीमोडकी. त्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटरी दाबली आणि विचारलं, "गोली? नमक का गोली खाता है?"

ह्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हटलं, "भूल जाता हूँ."

"भूल जाता है! मरेगा!" कंपाउंडर ओरडला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पानी लाओ, नमक लाओ, शक्कर लाओ. जल्दी."

मी ओट्यावरचा शेंदेलोणाचा उरलेला तुकडा उचलला, तर तो बोराच्या बीएवढा राहिला होता. तेवढ्यात शेजारीण तिची काचेची बरणी घेऊन आत आली. अर्धी भरलेली, तीच, खिडकीतली. "हे घ्या, हे थंड असते," ती कंपाउंडरले म्हणाली, "ठंडा नमक."

त्यानं एक खडा उचलून जिभेले लावला. "खारा है?" त्यानं स्वतःलेच विचारलं आणि स्वतःच म्हटलं, "खारा है. बस. नमक है. ठंडा-गरम कुछ नहीं, लाल-सफेद कुछ नहीं. पर इसको कूटेगा कौन? घर में दूसरा नहीं?"

मी पलंगाखाली हात घातला आणि माझी मळकी बरणी ओढून बाहेर काढली. सगळ्यांदेखत. कंपाउंडरनं ओलसर खडे मीठ चमच्यानं तांब्यात टाकलं, ढवळलं, काड्या वर आल्या त्या बोटानं काढल्या आणि घोट घोट पाजाले सांगितलं. मी पाजलं. तिनं पाय चोळले. तास-दीड तासात गोळे उतरले, ह्यांले झोप लागली. कंपाउंडर जाताना दारात थांबून म्हणाला, "खाने में भी नमक डालो बाई. इतना पसीना जाता है, कहाँ से आएगा?" त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं साधंच म्हटलं.

शेजारीण तिथंच बसून होती, बरणी मांडीवर घेऊन. मी तिच्याकडं पाहिलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "तू गोळ्या बंद केल्या का?" तिनं हळूच विचारलं. मी खाली पडलेल्या मिठातल्या काड्या वेचाले लागली. ती म्हणाली, "माझे हे पंख्याखाली असतात वं. मी तं विचारच नाही केला." आणि उठून गेली. तिनं विचार केला नव्हता, आणि मी? मी तर रोज तो शर्ट धूत होती. पाणी खारट होत होतं ते माझ्या हाताले कळत होतं.

मूल झालं का, ते विचाराल. झालं. त्यानंतर चार वर्षांनी, मुलगी, आणि गोळ्या चालू, खडे मीठ चालू. त्यात कोणत्या मिठाचा काही हात नव्हता. तेव्हा मात्र हे काही माहीत नव्हतं. तेव्हा घरात एवढंच होतं की मी नवऱ्याले मारता मारता राहिली आणि त्यानं सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलं. मले वाटलं, एखाद्या दिवशी खरंच विसरले असतील, ह्यांले काही माहीत नाही. मी मनात देवाचे आभार मानले आणि ठरवलं की गुपचूप सगळं पहिल्यासारखं करून टाकायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही.

तीन दिवस ह्यांनी घरी आराम केला. चौथ्या दिवशी ड्युटीवर जायचं होतं. नवी पुडी आली होती, ती ओट्यावर होती. भिंतीपलीकडं तिचं मीठ कुटणं चालू होतं, ठक ठक ठक. हे शर्टाचे गुंडे लावत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"त्या गोड वाल्या सरल्या का?" ह्यांनी विचारलं.

माझ्या हातातली पळी पडली.

"तीन आठवडे झाले," हे म्हणाले, "रोज दोन गोड गोळ्या चघळून राहिलो. पहिल्याच दिवशी समजलं. मिठाची गोळी घशातून उतरेपर्यंत जीभ खारट करते, माहीत आहे तुले?"

"मंग बोलले कावून नाही?" मी म्हटलं.

"कसा बोलू? शेजारीण तुले सांगून राहिली होती, तेव्हा मी नाइट करून इकडच्या खोलीत पडलो होतो, जागाच. सगळं ऐकलं." ह्यांनी शेवटचा गुंडा लावला, सोडला, पुन्हा लावला. "म्हटलं, खोटं असन. मंग म्हटलं, खरं असन तर? मूल होईन तं होऊन जाईन. डिस्पेन्सरीत दुसरी पुडी मागता आली असती. नाही मागितली."

"भट्टीपुढं उभं राहून? जीव गेला असता तर?"

"त्या झोपाळ्याच्या कड्या मी ठोकल्या," हे म्हणाले. "तुलेच जळता येते का?"

मी भिंतीले टेकली. तीन वर्षं मी समजून होती की या घरात जळणारी मी एकटीच आहे. माझं जळणं मी पदराखाली झाकून ठेवलं होतं आणि हा माणूस रोज भट्टीहून येऊन, शांतपणे जेवून, त्याच आगीत बसत होता, माझ्याशेजारी, हातभर अंतरावर. आणि मी त्याले म्हणत होती, थंडावा येऊन राहिला.

ह्यांनी हात पुढं केला. तळवा वर. "दे."

मी पुडी उचलून ओट्याच्या कडेले ठेवली. सवयीनं.

"तिथं नाही," हे म्हणाले. "हातावर दे."

"मीठ आहे वो. हातावर दिलं का भांडण होते."

"होऊ दे. तीन वर्षांत एकदा जरी झालं असतं न, तर तू माझा खिसा चाचपला नसता, आन मी गोड गोळ्या खाऊन पडलो नसतो. दे."

मी पुडी फोडली आणि दोन गोळ्या त्यांच्या तळव्यावर ठेवल्या. तळवा भाजलेला होता, जागोजागी कातडं निघालेलं. आणि मग आम्ही भांडलो, बाप्पा! सासूच्या पत्रावरून, त्या शेवटच्या ओळीवरून, पाण्यासारख्या डाळीवरून, नारळ काढून घेतला तेव्हा मी घरी येऊन का सांगितलं नाही यावरून, ह्यांनी कड्या ठोकून आल्यावर तोंड का उघडलं नाही यावरून. मी रडून ओरडत होती, हे ओरडून रडत होते. कारखान्याचा भोंगा झाला तरी आम्हांले ऐकू आला नाही.

भिंतीपलीकडचा खलबत्ता थांबला होता. ऐकून राहिली असन. मनात म्हटलं, ऐक बाई, आज पोटभर ऐक, आणि मी आवाज आणखी चढवला.